कार्डावर मुदत नाही, हातांना आहे

जानेवारीतल्या एका रविवारी डेक्कनला आमची बैठक झाली. बैठक म्हणजे पंधरा-सोळा माणसं, जोडलेली दोन टेबलं, चहा आणि फेब्रुवारीत नेत्राणीला, म्हणजे कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या बेटावर, जायचा बेत. सगळे कार्डधारक स्कूबा डायव्हर, म्हणजे सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली जाण्याचा कोर्स करून कार्ड मिळवलेले. ज्याच्याकडे नियोजन होतं त्याने बोलता बोलता एक अट सांगितली: गेल्या वर्षभरात जे पाण्याखाली गेलेले नाहीत त्यांनी निघण्याआधी पुण्यातच, जलतरण तलावात, एक सकाळ उजळणी करायची. झालं! चहा गार झाला. एका टेबलाचं म्हणणं, कार्ड आजीवन असतं, त्यावर मुदत छापलेली नसते, मग हे नवं लचांड कशाला? हा सगळा कोर्स विकणाऱ्यांचा धंदा. दुसरं टेबल थेट सरकारपर्यंत पोहोचलं: दर दोन वर्षांनी परीक्षा घ्या, नापास होईल त्याचं कार्ड रद्द करा. दीड तास दोन्ही बाजू कार्डाबद्दलच भांडत होत्या. चौदा महिन्यांनी समुद्रात उतरणाऱ्या माणसाला नेमकं काय येत असतं, हे कुणी विचारलंच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. कार्ड मिळालेल्या डायव्हरने शिकणं थांबवू नये, आणि खंड पडला असेल तर समुद्राआधी तलावात उतरलंच पाहिजे. पण या शिकण्याचा नव्या नव्या कार्डांशी संबंध फार थोडा आहे आणि सरकारी परीक्षेशी तर काहीच नाही. मी इन्स्ट्रक्टर नाही, माझं दुकान नाही. नऊ वर्षांत साठेक डाइव्ह झाल्या आहेत, म्हणजे फार नाहीत. त्यातल्या एकीने हे मत माझ्यावर लादलं.

ती कार्ड मिळाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षातली. मध्ये तेरा महिने गेले होते. खोली नऊ-दहा मीटर, पाणी स्वच्छ, घाबरण्यासारखं काही नाही. डायव्हरच्या जॅकेटला, म्हणजे बीसीडीला, डाव्या खांद्यावरून एक नळी येते. तिच्या टोकाला दोन बटणं. एक दाबलं की जॅकेटमध्ये हवा भरते, दुसरं दाबलं की सुटते. मी हलकी होऊन वर सरकतेय असं वाटलं, म्हणून हवा सोडायला गेले आणि भरायचं बटण दाबलं. आणखी वर गेले, म्हणून आणखी जोरात दाबलं. गाइडने माझ्या पायातली फिन धरून मला खाली ओढलं, नळी हातातून काढून घेतली आणि हवा सोडली. सगळं मिळून दहा सेकंद. बोटीवर आल्यावर मी याबद्दल कुणाशी बोलले नाही. लॉगबुकात लिहिलं: व्हिजिबिलिटी उत्तम, कासव दिसलं.

ती दोन बटणं कुठली हे मला माहीत नव्हतं असं नाही. लेखी परीक्षेत विचारलं असतं तर दहापैकी दहा मिळाले असते. विसरलं होतं ते डोकं नव्हे, अंगठा. म्हणूनच कार्डावरचा वाद मला बिनकामाचा वाटतो. अमुक दिवशी अमुक कौशल्यं हिने करून दाखवली, एवढंच कार्ड सांगतं. कार्ड देणाऱ्या संस्था स्वतःही त्यापुढे जात नाहीत. ज्या परिस्थितीत शिकलात साधारण तशाच परिस्थितीत डाइव्ह करा, असं त्या सांगतात आणि खंड पडल्यावर उजळणीची शिफारसही त्याच करतात. अंदमानच्या नितळ पाण्यात शिकलेला माणूस मालवणच्या गढुळलेल्या पाण्यात उतरतो, हातभर पुढचं दिसत नाही, तेव्हा खिशातलं कार्ड तेच असतं. परिस्थिती ती नसते.

आता धंद्याचा मुद्दा. त्यात तथ्य आहे, तो टाळून पुढे जाता येणार नाही. 'पाडी' या कार्ड देणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत ओपन वॉटर या पहिल्या कोर्सच्या चार डाइव्ह आणि त्यापुढच्या पाच, अशा नऊ डाइव्हमध्ये माणूस 'अॅडव्हान्स्ड' होतो. दिवाळीच्या सुट्टीत गेला तर भाऊबीजेला अॅडव्हान्स्ड होऊन परत. मग स्पेशल्टी कोर्सेस. बोटीवरून डाइव्ह कशी करावी याचा कोर्स आहे, मासे ओळखण्याचा आहे. पाच स्पेशल्टी, एक रेस्क्यू, म्हणजे दुसऱ्याला वाचवण्याचा कोर्स, आणि एकूण पन्नास डाइव्ह जमल्या की 'मास्टर स्कूबा डायव्हर'. पन्नास डाइव्हमध्ये मास्टर! पन्नास मैफली ऐकून कुणी स्वतःला जाणकार म्हणवून घेत नाही. (पुण्यात घेतो, तो भाग वेगळा.) ही बिरुदावली विक्रीसाठीच रचलेली आहे, हे मी पूर्ण मान्य करते. पण क्लासवाल्यांनी बाजार मांडला म्हणून गणित खोटं ठरतं का? कोर्स नको म्हणणाऱ्याला मी समजू शकते. पण कोर्स नको म्हणजे सरावही नको, हे कुठून आलं?

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातले हौशी डायव्हिंगमधले ९४७ मृत्यू तपासले. ज्या प्रकरणांत बिघाडाची सुरुवात कशाने झाली ते शोधता आलं, त्यांपैकी ४१ टक्क्यांत ती हवा कमी पडल्याने झाली होती. कशात तरी अडकल्याने २० टक्क्यांत आणि उपकरणाच्या अडचणीने १५ टक्क्यांत. शार्क नाही, वादळ नाही. हवा कमी पडणं. म्हणजे पहिल्या आठवड्यात शिकवलेली, आकडा बघण्याची गोष्ट.

आता आमच्या बैठकीतला हिशेब बघा. नेहमीचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा, २०० बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेला, म्हणजे २२०० लिटर हवा. ५० बार राखून ठेवायचे, उरले १६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर १८ मीटरवर दाब २.८ बार असतो, म्हणून लागतात ५६. मिनिटं किती? एकोणतीस. पाच मीटरवर तीच हवा पंचावन्न मिनिटं पुरते. आमच्या टेबलावर तिघे इंजिनिअर होते, एक सीए. मी नॅपकिनवर प्रश्न लिहून फिरवला. उत्तर एकाला आलं आणि तो इंजिनिअर नव्हता. बाकीच्यांचं म्हणणं, हे गाइड बघतो की.

इथेच 'अनुभवाने माणूस शिकतो, कोर्सने नाही' हा दुसरा युक्तिवाद येतो. हा सगळ्यात वजनदार आहे. कोर्सवर कोर्स केलेले पण पाण्यात धड स्थिर राहता न येणारे डायव्हर मी पाहिले आहेत आणि एकच कार्ड असलेले, पण माशासारखे सहज वावरणारेही. अनुभवाला पर्याय नाही, बरोबर. प्रश्न असा, की आपण ज्याला अनुभव म्हणतो तो कुणाचा असतो? जागा गाइड निवडतो, कमरेला बांधायची वजनं गाइड ठरवतो, वाट तो काढतो, दर पाच मिनिटांनी मागे वळून हवा किती हे तोच विचारतो आणि वर कधी यायचं तेही तोच ठरवतो. आपण त्याच्या पिवळ्या फिन्सकडे बघत मागून जातो. अशा वीस डाइव्ह झाल्या तर अनुभव त्याचा वाढला, आपली फक्त लॉगबुकाची पानं भरली. शेजारच्या सीटवर बसून वीस वेळा मुंबई-पुणे केलेल्याच्या हाती कुणी घाटात स्टीअरिंग देईल का?

त्यात आपण पुण्याचे. कोकणपट्टीवर डायव्हिंग चालतं साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात सगळं बंद. उरलेल्या आठ महिन्यांत नोकरी, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई यांतून वाट काढत माणूस एकदा कधीतरी समुद्र गाठतो. चार डाइव्ह करतो आणि परततो. पुढच्या चार वर्षभराने. म्हणजे समुद्रकाठी राहणाऱ्याला जे न ठरवता मिळतं ते आपल्याला ठरवून मिळवावं लागतं. मालवणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून, झाकून ठेवलेल्या असतात. मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तेवढ्यात जाळी विणली जातात, होड्यांची डागडुजी होते आणि मग नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मोसम सुरू होतो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दर्या आहे ते इतकं करतात. उपमा पूर्ण जुळत नाही, कबूल. तिथे डागडुजी होडीची होते, नाखव्याची नाही. पण नेमकं तेच आपल्याकडेही आहे. पाठीवरच्या सिलिंडरची ठरावीक वर्षांनी दाबाची चाचणी होते आणि त्याची तारीख धातूवर ठोकली जाते. ज्यातून श्वास घ्यायचा तो रेग्युलेटर सर्व्हिसिंगला जातो. ओ-रिंग बदलली जाते. या सगळ्या साखळीत एकच भाग आजीवन वॉरंटीवर चालतो, तो म्हणजे सिलिंडर पाठीवर घेणारा.

(रियाजाची उपमा इथे सगळेच देतात. मला ती लंगडी वाटते. रियाज चुकवलेल्याचा सूर लागत नाही. श्रोते फार तर उठून जातात.)

तिसरा मुद्दा असा, की आपण कुठे खोल जातो? बारा-पंधरा मीटर. कशाला एवढं? हा मुद्दा ऐकायला समजूतदार वाटतो आणि भौतिकशास्त्रात नेमका उलटा आहे. तीस मीटरवरून वीसवर आलात तर दाब चार बारवरून तीनवर येतो, फुप्फुसातली हवा एक तृतीयांशाने फुगते. दहा मीटरवरून पृष्ठभागावर आलात तर तीच हवा दुप्पट होते. दम रोखून, पूर्ण भरलेल्या छातीने वर सटकायला सव्वा मीटरही पुरतो. फुप्फुस फाटण्याइतका फरक तेवढ्यात पडू शकतो. माझी ती नऊ मीटरवरची फजिती म्हणूनच मला अजून आठवते. त्या दहा सेकंदांत मी श्वास घेत होते की रोखून होते, हे मला आजही सांगता येत नाही. मात्र अशा सहलींमध्ये मरणाचा धोका फार कमी असतो, हे खरं आहे आणि उजळणीच्या बाजूचे लोक मृत्यूचं भय घालतात तेही चूक. बहुतेक वेळा काहीच होत नाही.

पण एक गोष्ट अशी आहे जी खास आपल्या वाट्याला येते आणि कोर्सच्या पुस्तकात तिच्यावर चार ओळी असतात. घाट. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याआधी किती थांबायचं हे सगळ्यांना पाठ असतं: डॅनची शिफारस एका साध्या डाइव्हनंतर किमान बारा तास, एकाहून जास्त डाइव्ह झाल्या असतील तर अठरा. कारण सोपं आहे. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि त्याआधी बाहेरचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. शरीराला विमान कळत नाही, दाब कळतो. ती शिफारस लागू होते २००० फुटांपासून, म्हणजे साधारण ६१० मीटरपासून. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे. नेत्राणीहून मुरुडेश्वर, हुबळी, बेळगाव असं परतलात तर बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास. पुणं स्वतः ५६० वर. आणि आमचा नेहमीचा कार्यक्रम काय? रविवारी सकाळी दोन डाइव्ह, दुपारी सुरमईची थाळी, तीनला गाडीत, कारण सोमवारी ऑफिस. विमान नाही म्हणून घड्याळाकडे कुणी बघत नाही. आठ मीटरच्या दोन छोट्या डाइव्हनंतर घाट चढल्याने काही होईल अशी शक्यता कमीच. पण अठरा मीटरच्या दोन डाइव्हनंतर? तिसरी केली असेल तर? हा हिशेब करायला कार्ड पुरत नाही, कारण कार्ड जिथे मिळालं तिथे समोर समुद्र होता आणि मागे घाट नव्हता. पुण्याच्या डायव्हरला पुढचं शिक्षण का हवं, याचं माझ्या मते हेच सगळ्यात चांगलं उत्तर. शेवटची डाइव्ह शनिवारी दुपारी आटपायची, रविवारी किल्ला बघायचा. सिंधुदुर्ग पळून जात नाही, १६६४ पासून तिथेच आहे.

बरं, जे शिकलो तेही जागचं हलत नाही असं थोडंच आहे? हॉल्डेनने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये डीकम्प्रेशनची, म्हणजे खोलवरून टप्प्याटप्प्याने वर कसं यायचं याची, कोष्टकं मांडली, तेव्हापासून ती सतत दुरुस्त होत आली आहेत. पूर्वी वर येण्याचा वेग मिनिटाला १८ मीटरपर्यंत चालेल असं शिकवत. अमेरिकी नौदलाने १९९३ मध्ये तो निम्म्यावर, ९ मीटरवर आणला. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप आता सवयीचा झाला आहे. आमच्यातल्या एका ज्येष्ठ डायव्हरने ऐंशीच्या दशकात परदेशी कोर्स केला तेव्हा तो त्याला कुणी शिकवलाच नव्हता. प्रथमोपचाराचंही तसंच. प्रौढांसाठी पंधरा दाब आणि दोन श्वास हे प्रमाण २००५ मध्ये तीसला दोन झालं. पुढे 'फक्त छाती दाबा' हा संदेश सगळीकडे पोहोचला आणि तो अचानक हृदय बंद पडलेल्यांसाठी ठीक आहे. बुडालेल्या माणसाला मात्र श्वासही द्यावे लागतात. बोटीवर किती जणांना हा फरक माहीत असतो? म्हणूनच कुणी मला विचारलं, एकच कोर्स करायचा तर कोणता, तर मी रेस्क्यू सांगते. बाकीच्यांबद्दल माझा आग्रह नाही. निवृत्त युद्धनौका 'गुलदार' निवतीजवळ बुडवून तिथे डायव्हिंग सुरू करण्याची योजना राज्याने आखली आहे. ज्यांना तिथे जायचं आहे त्यांनी खोल पाण्यातल्या डायव्हिंगचं आणि बुडालेल्या जहाजाजवळ कसं वावरायचं याचं शिक्षण आधी घ्यावं. लोखंडाच्या पोटात शिरल्यावर वर बघून पृष्ठभाग दिसत नाही. नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेचा, कोर्स घ्या, नका घेऊ.

दुसऱ्या टेबलाचं म्हणणं राहिलं: सरकारने सक्ती करावी. सक्ती सगळीकडे वाईट नसते. ज्वलनशील माल नेणाऱ्या टँकरच्या चालकाला लायसन्सच्या नूतनीकरणासाठी उजळणीचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं आणि ते योग्यच आहे. त्याच्या चुकीने रस्त्यावरचे इतर मरतात. डायव्हरच्या चुकीची किंमत बहुधा तो स्वतः आणि त्याचा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, मोजतो. पण माझा खरा आक्षेप तत्त्वाचा नाही, अनुभवाचा आहे. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. हेतू उत्तम. कुणाही डॉक्टर मित्राला विचारा, त्यातले किती पॉइंट शिकून मिळाले आणि किती सह्या करून जेवणाच्या रांगेत लागल्यावर. सक्तीला पुरावा लागतो, पुराव्याला कागद लागतो आणि कागद आला की सगळे कागदासाठी काम करू लागतात. म्हणजे फिरून कार्डच. दर दोन वर्षांनी शिक्का मारून मिळणारं कार्ड हे आजीवन कार्डापेक्षा जास्त धोकादायक, कारण शिक्का ताजा असला की माणूस निर्धास्त होतो.

मग करायचं काय? उत्तर पुण्यातच आहे, फक्त आपण डायव्हर लोक तिकडे बघत नाही. इथल्या गिर्यारोहण संस्थांनी पन्नास-साठ वर्षं काय केलं? रविवारी कातळावर जायचं, दोर लावायचा, नव्याने चढायचं, जुन्याने खाली उभं राहून बिले द्यायचा, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायचा. कार्ड नाही, बिरुद नाही. ज्याने दोन महिने तोंड दाखवलं नाही त्याला अवघड भिंतीवर कुणी नेत नसे आणि त्यात कुणाला अपमान वाटत नसे. 'गिरिप्रेमी'ची मोहीम २०१२ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचली ती अशाच रविवारांच्या जोरावर. डायव्हिंगमध्येही ही वाट नवी नाही. ब्रिटनमध्ये १९५३ साली ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब सुरू झाला तो याच धर्तीवर: शाखा, आठवड्याला तलाव, शिकवणारे सभासदच. पाण्याखालचं शिक्षण दुकानातून विकलं जाणं ही एक पद्धत आहे, एकमेव नाही.

तलाव मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पुण्यातल्या बहुतेक तलावांच्या व्यवस्थापकांना सिलिंडर म्हटलं की फरशी फुटलेली दिसते. आम्हाला कोथरूडमध्ये एक तलाव मिळाला तो खाली जाड रबरी मॅट अंथरू, असं लिहून दिल्यावर. रविवारी पहाटे सहा ते आठ, भाडं सगळ्यांत वाटून. माणशी खर्च नेत्राणीच्या सहलीतल्या एका वेळच्या जेवणाहून थोडा जास्त. कोर्स परवडत नाही म्हणणाऱ्याची अडचण मला कळते, पण याला ती लागू पडत नाही. आणि काय करतो तिथे? मास्क पूर्ण काढून, डोळे मिटून मिनिटभर नुसता श्वास घ्यायचा. रेग्युलेटर तोंडातून सोडून पुन्हा शोधायचा. बडीचा ऑक्टोपस, म्हणजे त्याचा जादा रेग्युलेटर, घेऊन दोघांनी एकत्र वर यायचं. वेट बेल्ट न बघता सोडायचा. बुडालेल्या डायव्हरांपैकी बहुतेकांच्या कमरेला वजनं तशीच सापडतात, हे जगभरच्या तपासांतून वारंवार दिसलं आहे. सोडायचं असतं हे त्यांनाही शिकवलेलंच होतं. मी मात्र सगळ्यात आधी ती दोन बटणं दाबून बघते, डोळे मिटून, दहा वेळा.

फेब्रुवारीच्या सहलीसाठी तलावावर नऊ जण आले. 'कार्ड आजीवन असतं' असं सगळ्यात मोठ्याने म्हणणारा आला नाही. तो दुसऱ्या गटाबरोबर नेत्राणीला जाऊन आला, सोळा महिन्यांच्या खंडानंतर, चार डाइव्ह, व्हेल शार्क नाही पण बॅराकुडा दिसले आणि रविवारी रात्री अकराला घरी. काहीही झालं नाही. पुढच्या बैठकीत तो हेच सांगणार आहे.